नागपंचमीला तापलेला तवा

मित्रांनो, मी नांदुऱ्याच्या रुक्मिणीबाईंच्या घरचा जुना लोखंडी तवा आहे. पिंपळगाव राजाच्या लोहाराने मला घडवताना इतके घाव घातले, की पुढे चुलीची धग मला कधी जड गेली नाही. वर्षभर मी राबत असे. हक्काची सुट्टी एकच, नागपंचमीची. त्या दिवशी आमच्याकडे चुलीवर तवा ठेवत नाहीत आणि काही चिरतही नाहीत.

महाराष्ट्र राज्य झाले, त्याच्या दुसऱ्या वर्षीची नागपंचमी. सकाळीच सून विमल हिचा भाऊ देऊळघाटाहून तिला न्यायला आला. वडील अत्यवस्थ होते. मोटार अर्ध्या तासात सुटणार होती. विमलला सातवा महिना, त्यात आदल्या दिवशीचा उपास, आणि सणाचे पुरण अजून शिजायचे होते.

"उपाशी धाडू का पोरीले?" म्हणत रुक्मिणीबाईंनी मला खुंटीवरून काढले. "नागोबाले काय सांगायचं ते मी सांगतो."

बाईंनी भराभर पोळ्या लाटल्या. रात्रीचे दूध नासले होते. त्याचा चोथा फडक्यात पिळून त्याला मीठ-जिरे लावले. भेदरे, म्हणजे टमाटे, निखाऱ्यावर भाजून मिरचीसोबत हातानेच कुस्करले. विळीला मात्र त्यांनी हात लावला नाही. सारे पोळ्यांत भरून सुरळ्या केल्या आणि विमलच्या हाती दिल्या.

तिसऱ्या दिवशी वडील गेल्याचे कळले. रुक्मिणीबाईंनी मला उचलून गोठ्यामागे टाकले. "माह्या हातानं झालं," एवढेच त्या बोलल्या. मी गंजत पडलो. त्याचे मला फारसे वाटले नाही. पण बाईंना घास उतरत नव्हता, ते ऐकून जीव तुटत होता.

तेरवी आटोपून विमल परतली आणि मला शोधून घरात घेऊन आली.

"आत्याबाई, तवा काऊन फेकला?"

"नागपंचमीले तापवला मी. तुह्या बापाले भोवलं."

विमल त्यांच्याजवळ बसली. "बाबा चार दिवसांपासून निस्त्या पाण्यावर होते. तुमची पोळी त्यायनं मागून खाल्ली, अर्धी. म्हणाले, माही पोर या घरात उपाशी नाही राहणार."

रुक्मिणीबाई राख घेऊन रडत रडत मला घासायला बसल्या.

मित्रांनो, माझा गंज राखेने निघाला. पण तुम्हाला जेवू घालणारे कोणी असा सल मनात धरून बसले असेल, तर तेरा दिवस थांबू नका. आजच जाऊन सांगा, की तुझ्या हातचे अंगी लागले.