चवळीखाऊ दियारा

छावणीच्या फाटकाशी न्येलेआजी रोज सकाळी चवळीचं मडकं घेऊन जायची आणि रोज पोटभर शिव्या खाऊन यायची. त्या शिव्यांवरच तिचा जीव तगून होता.

तिचा थोरला, झुमाना, चांगला चाळिशीचा बाप्या. आठवडी बाजारात बाजरीची पोती उतरवताना सैनिकांनी त्याला आणखी अकराजणांबरोबर उचललं. बंडखोरांना धान्य देतो, म्हणे! अहो, छातीवर बंदूक आल्यावर माणूस बाजरी देणार नाही तर काय वाद घालत बसणार?

फाटकावर सार्जंट सेरिबा दियारा असायचा. न्येले त्राओरे कुळातली. त्राओरे आणि दियारा यांची पिढ्यान्‌पिढ्या थट्टेची सोयरीक. भेटले की एकमेकांना गुलाम म्हणायचं, चवळीखाऊ म्हणायचं, आणि ऐकणाऱ्यानं रागवायचं नाही. वर त्यानं काही मागितलं तर नाही म्हणायचं नाही. ही रीत मोडणाऱ्याला गावात तोंड दाखवायला जागा नसते.

पहिल्याच दिवशी आडनाव ऐकून सेरिबा खुलला होता. "आली का माझी पळालेली गुलाम!"

"गप रे चवळीखाऊ! तुझ्या आज्याला माझ्या आज्यानं मूठभर मिठावर घेतला होता. माझा पोरगा दे."

"आधी मडकं दे. काय आहे आत? चवळीच ना? मग खाऊ कोण, सांग!"

मडकं आत जायचं आणि परत यायचं तेव्हा तळाशी एक घास शिल्लक असायचा. लहानपणापासून झुमाना आईसाठी शेवटचा घास ठेवायचा. तो घास फाटकाशीच खाऊन ती घरी जायची.

मंगळवारी सेरिबा मडकं देताना हळूच म्हणाला, "शुक्रवारी बाराही जणांना उत्तरेच्या तळावर नेणार. तिथून कोणी परत आलेलं मी पाहिलं नाही. गुरुवारी मागच्या दारावर माझा पहारा आहे. झोपून राहू नकोस, गुलाम कुठली!"

आणि बुधवारी चौकशीला मानवी हक्क आयोग आला. कडुलिंबाखाली टेबल मांडून एक परदेशी बाई बसली, शेजारी राजधानी बामाकोहून आणलेला दुभाषी. माझा मुलगा आत आहे, हे न्येलेनं तीनदा सांगितलं. कोणी नेला? नावं कुठून ठाऊक असणार! बाईनं लिहिलं, 'अज्ञात सशस्त्र इसम'.

"सैनिक तुमच्याशी कसे वागतात?"

न्येलेला वाटलं, सेरिबा आपल्यासाठी मान धोक्यात घालतोय, त्याच्याबद्दल चार चांगले शब्द बोलावेत. "बाकीची गुरं आहेत, गुरं! पण सेरिबा दियारा म्हणजे सोनं. रोज मला गुलाम म्हणतो. काल म्हणाला, तुला बाजारात विकलं तर मीठसुद्धा येणार नाही." आणि तिनं डोक्याच्या फडक्यानं डोळे टिपले.

बाईचं पेन थबकलं. दुभाषी घाईघाईनं म्हणाला, "अहो बाई, ही थट्टा आहे. प्रेमाची. मलाही लोक म्हणतात!"

"सोसणारी माणसं असंच म्हणतात," बाई हळहळून म्हणाली. तिच्या फॉर्मात थट्टेला रकाना नव्हता. गुलामगिरीला होता. अख्ख्या अहवालात सैनिकाचं नाव आलं ते एकच.

गुरुवारी फाटकावर नवा शिपाई. कडक इस्त्री. त्यानं चक्क सलाम ठोकला. "या आजीबाई. बसा. पाणी आणू का आपल्याला?"

न्येले बसली नाही. "दियारा कुठाय?"

"अटकेत आहे. आपला अपमान केला त्यानं."

"अरे देवा! कुणी सांगितलं तुम्हाला अपमान केला म्हणून?"

"आपणच, आजीबाई. सहीच्या जागी आपला अंगठा आहे."

तिनं मडकं त्याच्या हातात कोंबलं. म्हणाली, "एवढं तरी आत ने."

"क्षमा असावी. नियम कडक झालेत."

"तुझं आडनाव काय रे?"

"कालपासून सांगायची मनाई आहे."

आत ट्रकला ताडपत्री बांधत होते. न्येलेनं फाटकाचे गज धरले. "तू दियाराच असशील. चवळीखाऊ! गुलामा! अरे, हसत का नाहीस? मला एक शिवी दे रे बाळा. एकच दे."

शिपाई आणखी ताठ झाला. "आपला मान राखायचा हुकूम आहे, आजीबाई," तो म्हणाला, आणि झाकण नीट बसवून, दोन्ही हातांनी, अदबीनं, भरलेलं मडकं त्यानं तिला परत दिलं.