चादरींची सावली

माझी अँथुरियम जाऊबाईंच्या चादरींखाली वाढली. अंगणात त्यांची वाळवणाची दोरी आणि दोरीखाली माझ्या कुंड्या. चादरींतून गाळून आलेलं ऊन आणि वरून ठिबकणारं पाणी झाडांना असं काही मानवलं, की लाल फुलं कधी हटली नाहीत. श्रेय कुणाचं, यावरून आम्ही रोज भांडायचो. माझ्या मते कुंडीतल्या मातीचं, त्यांच्या मते चादरींचं.

मग थोरले दीर नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. जाऊबाईही गेल्या, ते ओघानं आलंच. नवऱ्यानं दोरी काढून हिरवी जाळी बांधली. झाडांना काडीचाही फरक पडला नाही, उलट ती जास्तच फुलली. मला झाडांचा फार राग आला.

मला घरात करमेना. पण "या की एकदा" म्हटल्यावर येणाऱ्यातल्या जाऊबाई नव्हेत. कामाशिवाय कुणाच्या दारात पाऊल टाकायचं नाही, हा त्यांचा बाणा. आणि माझ्याकडे काम नव्हतं. झाडं ठणठणीत होती.

शेवटी त्यातल्या त्यात मरतुकडी कुंडी मी उचलली आणि गच्चीवर भर उन्हात नेऊन ठेवली. अँथुरियमला ऊन सोसत नाही, तिनंही सोसलं नाही. पानं करपल्यावर कुंडी खाली आणली, जाळी सोडली, दोरी बांधली आणि फोन लावला.

"जाऊबाई, झाडं चालली हो माझी."

"येते," त्या म्हणाल्या. "नाहीतरी इथं चादरी वाळत नाहीत. घेऊनच येते."

त्या ओल्या चादरींचं बोचकं घेऊन आल्या. करपलेलं पान उलटसुलट करून पाहिलं, मग शेजारच्या कुंड्या पाहिल्या.

"ऊन एकाच कुंडीवर पडलं होय?"

आता थाप मारण्यात अर्थ नव्हता.

"मीच ठेवली उन्हात," मी म्हटलं. "तुमच्याशिवाय करमत नाही मला."

त्यांनी बोचकं सोडलं. एक चादर झटकून दोरीवर टाकली, मग दुसरी. दुसरं टोक मी धरलं.

"एवढा मोठा फ्लॅट, आणि ऊन येत नाही?" मी विचारलं.

"ऊन कशाला लागतंय? मशीनच वाळवून देतं सगळं." त्यांनी चिमटा लावला. "निघताना नळाखाली धरल्या."