पॉइंटनंतर दोनच आकडे

शेवटची तीन शून्यं कुणी मागितली नव्हती. २४.९७६०००... काळ्या पडद्यावर ती न बोलावता पंगतीला बसलेल्या पाहुण्यांसारखी ओळीनं बसली होती, आणि मधुसूदन त्यांच्याकडे बघत होता – राग नाही, कंटाळा नाही, नुसता बघत होता. गेले अकरा दिवस तो सगळ्याकडेच असा बघत होता. चहाकडे, बायकोकडे, वाळूजच्या बसच्या खिडकीबाहेर.

"काका, ती शून्यं नकोत ना?" मीनाक्षी मॅडम मागं येऊन उभ्या राहिल्या. गारखेड्यातल्या या संगणकाच्या क्लासात त्या शिकवायच्या. वयानं त्याच्या मुलीएवढ्या. "एफच्या आधी पॉइंट दोन लिहा. दोनच आकडे दिसतील."

त्यानं लिहिलं. कारखान्यातली तपासणी मे महिन्यापासून संगणकावर जाणार होती, बावीस वर्षं मायक्रोमीटर धरलेल्या माणसाला बावन्नाव्या वर्षी हे शिकणं भाग होतं, म्हणून सेकंड शिफ्टच्या आधी रोज सकाळी हा क्लास. आजचा अभ्यास सोपा होता. आपल्या कामातलं एखादं माप घ्यायचं, दोन आकड्यांपर्यंत छापायचं, आणि हद्दीत असेल तर पास, नाहीतर नापास. कोणतंही माप चाललं असतं. त्यानं शाफ्टच्या जाडीची हद्द टाकली, कमीत कमी २४.९८ मिलिमीटर, आणि मग बोटांनी आपणहून हेच माप का टाकलं...

त्या दिवशी शाफ्ट घेऊन बन्सी स्वतःच आला होता, ग्राइंडिंगवरचा बन्सी. "साहेब, लई घासतंय आज. मशीन थांबवू का?" मायक्रोमीटर म्हणालं २४.९७६. पुढचं तो मनाशी पुन्हा पुन्हा म्हणत आला होता: आता रजिस्टरात पॉइंटनंतर दोनच आकडे लिहायची पद्धत, माझ्या आधीपासूनची, सगळेच लिहितात – आणि शेवटचा सहा असला की आधीचा आकडा एकनं वाढतो हे तर शाळेतलं – मग मी लिहिलं २४.९८. बरोबर हद्दीवर. म्हटलं, चालू दे. कुणीही गणितात चूक काढून दाखवावी! मशीन थांबवलं असतं तर अर्धी शिफ्ट गेली असती, आणि वरून बोलणी मी खाल्ली असती.

मग सगळा लॉट ग्राहकाकडून परत आला. रजिस्टर उघडलं गेलं. तपासणीच्या वेळी माप ठीक होतं, म्हणजे पुढं बन्सीनंच बिघडवलं, असं वरच्यांनी ठरवलं. अकरा दिवसांपूर्वी बन्सीला घरी बसवलं. उद्या त्याची चौकशी होती, आणि साक्षीला मधुसूदन.

काल वैजापूरहून बन्सीचा फोन आला होता. "साहेब, मी तुम्हाला इचारलं व्हतं, तेवढंच सांगा. दुसरं काय नाय. न्हायतर काढत्यात मला."

"बघतो," असं म्हणून मधुसूदननं फोन ठेवला होता, आणि जेवायला बसून रोजच्यासारख्या तीन पोळ्या खाल्ल्या होत्या. काही वाटलं नव्हतं. काही वाटत नाही याचंही काही वाटलं नव्हतं.

त्यानं प्रोग्रॅम चालवला. पडद्यावर दोन ओळी आल्या. २४.९८. खाली – नापास.

"मॅडम, चुकलं हो हे. चोवीस पॉइंट नऊ आठ म्हणतंय, आणि नापास?"

"नाही चुकलं, काका." त्या हसल्या. "दोन आकडे फक्त दाखवायला. आत तर तुम्ही टाकलं तेच आहे, नऊ सात सहा. तपासताना ते आतलंच बघतं. सगळे इथंच फसतात." आणि त्या पलीकडच्या मुलीकडे गेल्या.

सगळेच. सगळेच लिहितात, असं तो मनाशी पुन्हा म्हणून बघू लागला, पण आज ते वाक्य मध्येच थांबलं. वही म्हणते तेच मी सांगेन, वहीत खोटं काही नाही... हेही अर्ध्यावर. कानाच्या पाळ्या तापल्या. बन्सीनं विचारलं होतं. पोरानं मशीनवर हात ठेवून विचारलं होतं, आणि आपण मापही पाहिलं होतं, आणि आपल्याला कळलंही होतं – ही लाज होती, साधी, ओळखीची लाज, आणि इतके दिवस ती कुठं होती कुणास ठाऊक.

उद्या तोंडातून काय निघेल याची त्याला खात्री नव्हती. कदाचित वहीतलंच निघेल. पण टेबलापलीकडे बन्सी बसलेला असेल, मान वर करून आपल्या बोलण्याची वाट बघत असेल – आणि अकरा दिवसांत पहिल्यांदा मधुसूदनला त्याच्याकडे बघायची भीती वाटली.