तार नसलेलं वावर

किन्हीराजाच्या शिवारात रानडुकरांनी केलेलं पिकांचं नुकसान मोजायचं काम मी करत होते. त्यात एका वावराचा आकडा मला चुकीचा वाटला. लिलाबाईंच्या दहा गुंठे हरभऱ्यात नुकसान शून्य होतं. आजूबाजूला विजेचा हलका धक्का देणाऱ्या झटका मशीनच्या तारा लावूनही डुकरं घुसली होती, आणि लिलाबाईंच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तर ना तार, ना कुत्रं, ना जागलीला माणूस. मी मंगरूळपीरची, प्राणिशास्त्रात बी.एस्सी. केलेली. शून्य दिसलं की आधी मोजणाऱ्याची चूक शोधायची, हे आम्हाला शिकवलेलं. मी पुन्हा मोजलं. एकही झाड मोडलेलं नव्हतं.

"हे आमचं कोस्टारिका हाय, मॅडम," लिलाबाईंचा मुलगा संघदीप म्हणाला. तो स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. "तिथं आपसातच लढाई झाली, लई मानसं मेली. मंग त्याईनं फौजच मोडून टाकली. आमच्या मायनंबी तेच केलं."

त्याच्या वडिलांनी, माणिकरावांनी, धुऱ्यावरच्या तारेत थेट लाइनची वीज सोडली होती. एका पहाटे ती बंद करायची राहिली आणि तेच तारेला चिकटून गेले. लिलाबाईंनी ती तार स्वतःच्या हातांनी उपटली.

मी त्यांना सांगितलं, "काकू, झटका मशीननं माणूस मरत नाही. तिचा करंट वेगळा असतो."

"तार म्हंजे तार, पोरी."

शेजारचे मदनसिंग तेवढ्यात आलेच. "वयनी, कायले जीद करता? माह्या मशीनची तार तुमच्या धुऱ्यानं फिरवून देतो. तुमाले बोट लावा लागत नाई."

"अन् मंग तारीच्या आतलं वावर कोनाचं दिसंल, मदनसिंगभाऊ?"

"घ्या! भलं कराले जा अन् बोलनं खा."

संघदीप हसला. "आइसलँडपाशीबी फौज नव्हती, माय. एका सकाळी इंग्रजाईची जहाजं लागली. म्हने, आमी तुमाले राखाले आलो. एक गोळी नाई चालली."

"मंग गेले कवा?"

"ते निंगाले तं अमेरिकेचे आले."

"पाहा!" लिलाबाई मदनसिंगांना म्हणाल्या. पण संघदीपला तार हवीच होती. शेवटी मायलेकांत ठरलं: हा हरभरा तारेशिवाय घरी आला, तर वावर असंच राहील. नाही आला, तर पुढच्या पेरणीआधी मदनसिंगांची तार घ्यायची.

मला त्या शून्याचं कारण हवं होतं. मी धुऱ्यावरच्या बाभळींना कॅमेरे बांधले. समोर काही हललं की ते आपोआप फोटो काढतात.

पहिले फोटो मी त्यांच्याच ओसरीवर उघडले. अंधार पडल्यावर डुकरं येत होती. ती धुऱ्यावर थोड्याथोड्या अंतरानं, वावराच्या चारी बाजूंनी उभी राहत होती. सगळ्यांची तोंडं बाहेर आणि पाठी हरभऱ्याकडे. एका फोटोत नाल्याकडून दुसरा कळप आलेला दिसत होता. पुढच्या फोटोत तो नव्हता.

एक कळप आपल्या हद्दीत दुसऱ्याला येऊ देत नसावा, असं मी समजावलं. पण पाठीमागे घाट्यांनी लगडलेला हरभरा असताना त्यांनी तो का खाल्ला नाही, हे मला सांगता आलं नाही.

"म्हंजे माह्यापाशी फौज व्हती," लिलाबाई सावकाश म्हणाल्या, "अन् मलेच ठाव नाई."

"तेबी बिनपगारी, माय," संघदीप म्हणाला. कुणी हसलं नाही.

घाटे वाळू लागले तसे फोटो बदलले. आधी एका मादीचं तोंड आत वळलं. मग तिच्या शेजारचीचं. सोंगणीच्या आदल्या संध्याकाळी मी पाहिलं, तेव्हा सगळा कळप हरभऱ्याकडे तोंड करून उभा होता. कॅमेऱ्याच्या उजेडात त्यांचे डोळे पांढरे दिसत होते. मी लिलाबाईंना तो फोटो दाखवला. तो न्याहाळून त्या म्हणाल्या, "सोंगनी तं करा लागंल."

सकाळी सोंगणीला आलेल्या बाया वावराशी पोचल्या आणि तशाच माघारी फिरल्या. चांगल्या उन्हात डुकरं धुऱ्यावर उभी होती. त्यांचा कसलाच आवाज येत नव्हता.

लिलाबाईंनी पदर खोचला, विळा घेतला आणि सरळ चालत गेल्या. मोठी मादी बाजूला सरली. लिलाबाई आत गेल्या. संघदीप मागोमाग निघाला, तेव्हा ती वाट बुजली.

"माय, मांगं फीर!"

"अरे, काई नाई करत ते. तू थांब तिथंच."

त्या एकट्याच सोंगत राहिल्या. जितकं वावर मोकळं होई, तितकी डुकरं आत सरकत. पडलेल्या पेंढ्यांना त्यांनी तोंड लावलं नाही. कडेच्या पेंढ्या मात्र आम्ही हात लांबवून ओढून घेतल्या, तेव्हा त्यांनी आमच्याकडे पाहिलं. उन्हं उतरली तोवर हरभरा जवळजवळ सगळा सोंगून झाला होता. लिलाबाई वावराच्या मध्यावर होत्या आणि त्यांच्याभोवतीचं कडं आता एखाद्या अंगणाएवढं झालं होतं.

"ये आता बाहीर," संघदीप ओरडला. "जिंकली तू, माय. नाई घेत तार."

लिलाबाईंनी एक पाऊल टाकलं. मादी हलली नाही. त्या दुसऱ्या बाजूला वळल्या. तिथलीही हलली नाहीत.

संघदीप पळत मदनसिंगांकडे गेला. ते तारेचं भेंडोळं खांद्यावर घेऊन आले, मागून मशीन आली. धुऱ्यावर येऊन ते थांबले. त्यांनी डुकरांकडे पाहिलं, मग आत उभ्या असलेल्या लिलाबाईंकडे.

"आनली तं खरी," ते हळूच म्हणाले. "पन लावू कोनाच्या भवताल?"

आतून लिलाबाईंचा आवाज आला, अगदी रोजच्यासारखा, "मले इथं काई तरास नाई रे. तुमी जा घरी."