आगाऊ साक्ष

पुष्पांजलीबाईंनी रविवारी चर्चमध्ये उभं राहून साक्ष दिली, की त्यांचे मालक सापडले. मालक सापडले नव्हते.

तुम्ही म्हणाल, बाई खोटारडी. तसं नाही हो. इतकी सरळ बाई मलकापुरात दिवा घेऊन शोधली तरी मिळायची नाही. पण घाबरलेलं माणूस काय करील याचा नेम नसतो, मग ते कितीही देवभोळं असो.

त्यांचे मालक शांतवन चाळीस वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. दोन वर्षांपासून त्यांच्या डोक्यातून एकेक गोष्ट गळायला लागली. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग नातवाचं नाव, मग घराचा रस्ता. नाताळानंतरच्या गुरुवारी बाई दूध तापवत होत्या, तेवढ्यात ते कडी काढून निघून गेले. अंगात बिनबाह्यांचा स्वेटर, पायात स्लिपर.

चर्चची माणसं धावून आली. आठ-दहा जणांनी मोटारसायकलींवर स्टेशन, बसस्टँड, हायवे पालथा घातला. फोटो आणि फोन नंबर ग्रुपाग्रुपांतून नांदुऱ्यापर्यंत गेला. पोलिसांत नोंद झाली. लेक प्रेरणा अकोल्याहून निघाली ती थेट भुसावळच्या फलाटांवर जाऊन बापाला शोधू लागली. थंडी अशी, की सकाळी बादलीत हात घालवत नव्हता. शुक्रवार गेला, शनिवारही गेला.

शनिवारच्या प्रार्थनेला बाहेरगावचा एक प्रचारक आला होता. आवाज दणदणीत, शर्ट कडक इस्त्रीचा. तो म्हणाला, मागितलं ते मिळालंच असं तोंडाने जाहीर करा. संशयाचा एक शब्द बाहेर पडला, की देवाने उघडलेलं दार बंद होतं. त्याचं काय जातं? उचलली जीभ, लावली टाळ्याला. पण बाईंनी ते बोलणं पदराला गाठ मारून ठेवलं.

रविवारी देवाचे उपकार सगळ्यांपुढे सांगायच्या वेळी चर्चच्या पाळकसाहेबांनी "कोणाची साक्ष?" असं विचारताच त्या उठल्या. म्हणाल्या, "प्रभूची स्तुती असो. आमचे मालक सापडले."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पाळकसाहेबांनी डोळे पुसले. "कुठी आहेत आता?" मागून एकीने विचारलं. "घरी येऊन राह्यले," बाई म्हणाल्या. शेवटचं गीत संपायच्या आत मेसेज गेलासुद्धा: सापडले, शोध थांबवावा. मोटारसायकली आपापल्या घरी गेल्या.

साक्षीची बातमी ऐकून दुपारी प्रेरणाचा फोन आला. पोरगी हसत होती की रडत होती, कळेना. "मम्मी! पप्पा जेवले काय वं? मी गाडीत बसून राह्यली, येतोच!"

आता तरी खरं सांगायचं की नाही? पण बाईंना ते बंद होणारं दार दिसत होतं. "ये," एवढंच त्या म्हणाल्या.

चारच्या सुमारास प्रेरणा बापाला आवडणारे पेढे घेऊन घरात शिरली. रिकाम्या पलंगाकडे तिने पाहिलं, मोरीत डोकावली, परसात जाऊन आली.

"पप्पा कुठी आहेत?"

"अजून नाही सापडले, पोरी."

"मंग साक्ष काऊन देली?"

"विश्वासानं देली."

प्रेरणाने पेढे पलंगावर टाकले. "मम्मी, सकाळपासून पप्पाले कोणीच शोधून नाही राह्यलं. कोणीच! तुले समजून राह्यलं काय?" तिने फोन काढला, तसा बाईंनी तिचा हात धरला. "नोको पोरी. परत घेतलं तं देव देणार नाही."

एकीकडे देव, एकीकडे नवरा, आणि मध्ये आपली जीभ. चाळीस वर्षं एकत्र संसार केलेला माणूस थंडीत कुठेतरी फिरतोय आणि आपण घरात बसून त्याचं सापडणं सांभाळतोय, हे बाईंना तेव्हा पहिल्यांदा धडधडीत दिसलं. त्यांना स्वतःची शिसारी आली.

"आण तो फोन," त्या म्हणाल्या. "खरं बोलल्यानं रुसत असन, तं तो देव कसला?"

त्यांनी स्वतःच्या आवाजात मेसेज टाकला. "मी पुष्पांजली. आमचे मालक सापडले नाहीत. म्या चर्चमधी खोटं सांगतलं. मले भेव वाटत होतं. पाया पडतो, शोधा त्यायले."

एकीने लगेच लिहिलं, साक्षीत खोटं? बाई फोनकडे बघत बसल्या. दार बंद झालं असेल का? झालं असेल तर?

पाच वाजता अनोळखी नंबर वाजला. "काकू, मी वडनेर भोलजीहून गोकुळ बोलून राह्यलो. तुमचा मेसेज आत्ताच ऐकला. माही चहाची टपरी आहे फाट्यावर. ते बाबा दुपारी साडेबाराले इथी बसले होते. फोटो म्या ओळखला, फोन लावणारच होतो, तं दुसरा मेसेज दिसला, सापडले म्हणून. म्या म्हटलं, दुसरं कोणी असन. चहा पाजला अन् जाऊ देलं."

"कोणीकडे गेले, बापा?"

"शेताइकडे गेले, काकू. तिकडे बिनकठड्याच्या विहिरी आहेत. मी गावातले माणसं घेऊन निघतो."

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. माणूस चहाच्या टपरीवर सापडलेलाच होता. आपल्याच साक्षीने त्याला उठवून विहिरींकडे पाठवलं.

पाळकसाहेबांनी गाडी काढली, मायलेकी बसल्या. वाटेत पाळकसाहेब म्हणाले, "ताई, टाळ्या तं म्याई वाजवल्या." बाईंना एरवी अर्धा तास प्रार्थना करायची सवय. आज एकही शब्द जुळेना. "देवा, मले काहीच माहीत नाही. तुले माहीत आहे," एवढंच त्या पुटपुटत राहिल्या. मनाला शांती वगैरे काही मिळाली नाही. भीती होती तशीच होती, आणि त्या भीतीसकट त्यांनी देवाला धरून ठेवलं.

पोचेपर्यंत दिवस बुडाला होता. तुरीच्या उभ्या पिकात बॅटऱ्या हलत होत्या. माणसं हाका मारत होती. मग लांबून, एका विहिरीच्या बाजूने, गोकुळ ओरडला, "सापडले!"

कसे सापडले, ते तो बोलला नाही. बाई ढेकळांतून धावत सुटल्या. ग्रुपला कळवायला प्रेरणाने फोन काढला, तशा त्या धावतानाच ओरडल्या, "थांब! आधी मले हात लावू दे!"

विहिरीवरच्या पंपाच्या खोलीच्या आडोशाला शांतवन बसलेले होते. गोकुळने आपलं जॅकेट त्यांच्या अंगावर घातलं होतं. पाय सुजलेले, ओठ फाटलेले. बाईंनी त्यांचा हात धरला. तो गारठून गेला होता, पण बोटांनी त्यांची बोटं घट्ट आवळली.

त्यांनी बाईंकडे नीट पाहिलं. त्या वेळी तरी त्यांनी ओळखलं.

"लय उशीर केला तू," ते म्हणाले.

"हाव," बाई म्हणाल्या. "म्याच केला."