वीस मात्रांची ओळ

“हे नको,” ज्योतीराम म्हणाला आणि त्याने कागद पालथा घातला.

“अहो, पण का नको?” कुसुमताईंनी पियानोवरचे हात मांडीवर घेतले. “महिन्यापूर्वी तुम्हीच म्हणालात, तिन्हींत हेच सरस. बसवायला घरी घेऊन गेलात.”

“तेव्हा म्हणालो असेन. लोकांना आवडायचं नाही. आठ तास मशीनवर उभी राहिलेली माणसं. असलं रडकं ऐकवलं तर शिट्ट्या मारतील.”

“मारू द्यात की,” हिंदुराव म्हणाला. तो व्हायोलिनच्या खुंट्या पिळत होता. “कोल्हापूरच्या पब्लिकनं मला नारळ फेकून मारलेत. शिट्टीचं काय घिऊन बसलास मर्दा?”

चिंचवड स्टेशनाजवळच्या त्या कारखान्याच्या क्लबात रविवारी सकाळी हे तिघेच होते. कुसुमताई कारखान्याच्या दवाखान्यात डॉक्टर. लहानपणी पुण्याला मिशनच्या शाळेत पियानो शिकलेल्या. हिंदुराव स्टोअरमध्ये होता, त्याआधी बारा वर्षं नाटक कंपनीत साथीला. आणि ज्योतीराम फिटर. लढाईच्या वर्षांत खडकीला पलटणीच्या बँडमध्ये तो क्लॅरिनेट वाजवत असे. पियानो देहूरोडचा कुणी गोरा साहेब सत्तेचाळीस साली मागे टाकून गेलेला. त्याचे दोन सूर कायमचे बसलेले होते.

वार्षिक संमेलनात तिघांना दहा मिनिटं मिळाली होती. कुसुमताईंच्या जुन्या विलायती पुस्तकात या तीन वाद्यांसाठी लिहिलेले तीन तुकडे होते. एक कवायतीच्या चालीचा, एक नाचाचा आणि एक संथ, ज्योतीरामने आता पालथा घातलेला. दहा मिनिटांत एकटा संथ तुकडा बसत होता, नाहीतर बाकीचे दोन. आज ठरवायचंच होतं.

संथ तुकड्यात क्लॅरिनेटची एक ओळ होती. वीस मात्रांची. व्हायोलिन गप्प, पियानो अगदी हळू, आणि क्लॅरिनेटचा सूर मध्ये न तुटता वर चढत जाणारा. बँडात असताना ज्योतीराम अशा ओळी हसतहसत वाजवायचा. महिन्यापूर्वीही त्याने ती वाजवली होती, थोडी कष्टाने. आता बाराव्या मात्रेला छातीत उजव्या बाजूला काहीतरी टोचायचं, चौदाव्या मात्रेला घसा खवखवायचा, आणि पुढे खोकला. तो खोकला त्याच्या ओळखीचा होता. स्वतःच्या घरात दोन वर्षं ऐकलेला.

“बँडवाल्याचा दम संपला म्हणायचा,” हिंदुराव हसून म्हणाला.

“दमाचं काही नाही,” ज्योतीराम जरा मोठ्यानेच बोलला. “उगाच काय बोलतोस?”

“आरं, थट्टा केली!”

“बरं, भांडू नका,” कुसुमताई म्हणाल्या. “तिन्ही एकदा वाजवू आणि मग ठरवू. आणि हो, ज्योतीराम, उद्या ती छातीच्या एक्स-रेची गाडी येतेय. तुमच्या खात्याचा नंबर दहाला आहे. पाच मिनिटांचं काम.”

“उद्या मी गावाला चाललोय. रजा टाकलीय.”

“बार्शीत आता कोण हाय तुझं?” हिंदुरावने विचारलं.

“चुलता. आजारी आहे.”

चुलता धडधाकट होता. रजेचा अर्ज ज्योतीरामने गाडीची नोटीस लागली त्याच दिवशी दिला होता. घरमालकीण गोजाबाईला सांगून वाटेसाठी भाकरीही करायला लावल्या होत्या.

कवायतीचा तुकडा नीट झाला. त्यातल्या ओळी तुटक, दर चार मात्रांनी दम घ्यायला जागा. नाचाचाही झाला. ज्योतीराम वाजवता वाजवता एकच गोष्ट बघत होता, कुसुमताईंचा कान. त्या पाठमोऱ्या बसल्या होत्या. केस मागे घेऊन बांधलेले, त्यामुळे कान स्पष्ट दिसत होता. डॉक्टरचा कान. त्याला वाटलं, ही बाई सूर ऐकत नाही, छाती ऐकते आहे.

कॅन्टीनमधून चहाची किटली आली. हिंदुराव आणि कुसुमताई चहा घेत बसले. ज्योतीराम संथ तुकड्याचा कागद घेऊन खिडकीशी गेला. वाजवायचाच झाला तर निदान निभावून न्यावं, म्हणून कानावरची पेन्सिल काढून तो दमाच्या खुणा करू लागला. दम घ्यायचा तिथे ओळीच्या वर एक लहान शेपटी काढायची, ही बँडातली सवय.

त्याच्या बायकोला, दुर्गाला, हा कागद नुसता किड्यामुंग्यांचा वाटला असता. बँडातून सुटल्यावर तो संध्याकाळी खोलीत वाजवत बसायचा आणि ती चुलीपाशी असायची. एकदा एका चांगल्या सुरावर ती खोकली. तो चिडून म्हणाला होता, “घटकाभर तरी थांबव की तो खोकला!” त्यानंतर तो वाजवायला बसला की दुर्गा कधी खोकली नाही. त्याला वाटलं, बरं वाटतंय तिला. सहा महिन्यांनी एकदा त्याने वाजवताना सहज मागे बघितलं. ती पदराचा बोळा तोंडात धरून बसली होती. डोळ्यांतून पाणी चाललेलं, खांदे गदगदत होते, आवाज नाही. औंधच्या क्षयाच्या दवाखान्यात नेली तेव्हा फार उशीर झाला होता. त्याला आता चार वर्षं झाली. तिच्या आजारात गोजाबाईने तिचा पेला वेगळा ठेवला होता. तो पेला अजून भिंतीच्या कोनाड्यात तसाच होता.

“द्या बघू तो कागद,” कुसुमताई मागे येऊन उभ्या होत्या.

त्याने दिला. न द्यायला काही सबब सुचली नाही.

त्यांनी कागद खिडकीच्या उजेडात धरला. “या फिकट खुणा महिन्यापूर्वीच्या ना? सगळ्या पानावर चार आहेत. त्या मोठ्या ओळीत एकही नाही.” त्यांनी बोट पुढे सरकवलं. “आणि या आजच्या. अकरा. एकट्या त्या ओळीत तीन.”

जुन्या खुणा खोडायचं ज्योतीरामच्या लक्षातच आलं नव्हतं.

“ताप येतो?”

“संध्याकाळी. थोडा.”

“कधीपासून?”

“गणपतीपासून.”

हिंदुरावने कपबशी खाली ठेवली. त्याच्या तोंडावरचं हसू गेलं होतं.

“बाई, नाव लिहू नका,” ज्योतीराम म्हणाला. “नोकरी जाईल, खोली जाईल. लोक कपाला हात लावणार नाहीत. मी कडेकडेने राहीन, सोसेन. पण मला ते कळायला नको. मी बघितलंय ते सगळं.”

“मला अजून काहीच माहीत नाही,” कुसुमताई म्हणाल्या. “तुम्हालाही नाही. फोटो काढल्याशिवाय कुणालाच कळणार नाही. नुसता खोकला निघाला तर बाटली देते. तेच निघालं, तर आता इंजेक्शनं आहेत, गोळ्या आहेत. दुर्गाबाईंच्या वेळी आपल्याकडे त्या हाती लागत नव्हत्या. वर्ष-दीड वर्ष लागेल. नोकरीसाठी साहेबांशी मी भांडेन. जमेलच असं वचन देत नाही, पण भांडेन.” त्यांनी जाऊन हॉलच्या सगळ्या खिडक्या एकेक करून उघडल्या. शेवटची घट्ट बसली होती, तिला दोन बुक्क्या मारल्या.

मागे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. हिंदुराव आपली खुर्ची उचलत होता. ज्योतीरामने मान खाली घातली. सुरुवात झाली, त्याला वाटलं. पहिला हिंदुरावच.

खुर्ची त्याच्या शेजारी येऊन टेकली.

“बस,” हिंदुराव म्हणाला. “ती वीस मात्रांची ओळ आधी मला वाजवून दाव. मला कागद वाचता येत न्हाई, तुला ठाव हाय.”

“जमायचं नाही रे.”

“जमंल तितकी वाजव. आमच्या कंपनीत एक थोरलं गायक व्हते. साठीला आल्यावर दम पुरंना. आमी काय करायचो? त्यांचा सूर सुटायच्या आधी हळूच त्योच सूर खालनं धरायचा. ते दम घ्यायचे आन् परत वर चढायचे. लोकास्नी वाटायचं, बुवांचा एकच दम!” त्याने व्हायोलिन खांद्याला लावलं. “पर दम कुठं सुटतो ते मला कळलं पायजे. लपवलंस तर मी बी काय करणार?”

कुसुमताई पियानोवर जाऊन बसल्या.

ज्योतीरामने क्लॅरिनेट ओठाला लावलं. बाराव्या मात्रेला टोचलं. चौदाव्या मात्रेला त्याने भुवई वर केली आणि त्याच सुरावर व्हायोलिन आलं, इतकं अलगद की सूर बदलला कुठे ते त्यालाही कळलं नाही. त्याने दम घेतला आणि तो पुन्हा ओळीत शिरला.

ओळ संपल्यावर कुसुमताईंनी कार्यक्रमाच्या कागदावर संथ तुकड्याचं नाव लिहिलं. “तुमच्या नावाची जागा मोकळी ठेवते,” त्या म्हणाल्या. “उद्या दहाला या.”

सोमवारी सकाळी तो भाकरीचं गाठोडं घेऊन घरातून निघाला आणि स्टेशनावर न जाता कारखान्यात आला. गाडी पत्र्याच्या शेडपाशी उभी होती. माणसं सदरे काढून रांगेत उभी होती, एकमेकांच्या पोटांवर विनोद करत. हिंदुराव स्टोअर सोडून आला होता. त्याने न विचारता सदरा आणि गाठोडं हातात घेतलं.

आत अंधार होता. छातीला थंडगार पत्रा लागला.

“हनुवटी वर,” आतला माणूस म्हणाला. “श्वास घ्या. धरा.”

त्याने धरला. मनात मात्रा मोजू लागला. चार. सहा. घसा खवखवू लागला. पाठमोरा उभा असताना त्याला वाटलं, मागे चुलीपाशी कुणी बसलं आहे, तोंडात पदर धरून. ती किती मात्रा धरत असेल? एवढ्या वर्षांत त्याने ते कधी मोजलं नव्हतं.

“सोडा. झालं. पुढचा.”

तो पायऱ्या उतरून उन्हात आला आणि खोकला. रुमाल नाही, दाबणं नाही, मान वळवून मोकळ्या जागेकडे तोंड केलं आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा, पोटातून, वाकून, बराच वेळ खोकला. दोघेतिघे मागे सरकले.

हिंदुराव होता तिथेच उभा होता. खोकला थांबेपर्यंत थांबला. मग त्याने सदरा झटकून बाह्या सरळ केल्या आणि पुढे धरला.

“घाल,” तो म्हणाला. “वारं लागंल.”