उसनी खेळाडू

तळेगावच्या नाल्याच्या दोन काठांवर दोन कॉलेजं. एक अलीकडचं, एक पलीकडचं. बोर्डावरची लांबलचक नावं कुणी घेत नाही. दरवर्षी संक्रांतीनंतर मुलींचा खो-खो, आणि त्यात एक जुनी रीत: एका बाजूला खेळाडू कमी पडली, तर दुसरीनं आपली एक उसनी द्यायची. कोणती, ते मागणारीनं सांगायचं.

यंदा पलीकडची एक पोरगी सरावातच पाय मुरगळून बसली. त्यांची कॅप्टन पौर्णिमा सरळ चालत आली. "अंकिता द्या."

अंकितानं आपल्या सरांकडे पाहिलं. एम.ए.चं पहिलं वर्ष, कडेवर सहा महिन्यांची लेक, खुशी. तरी ती आज खेळायला आली होती ती एकाच लोभानं. पलीकडची वेदश्री मागच्या पावसाळ्यात तापानं गेली. दोघी जिवाभावाच्या, मैदानात मात्र कट्टर वैरिणी. पळता पळता वेदश्री मुद्दाम अंकिताच्या पाठीमागून जायची आणि कानाशी हळूच म्हणायची, "खो!" अंकिता दरवेळी फसून उठायची. फाऊल!

"उठली वं, उठली म्हैस!" वेदश्री खिदळत लांब पळालेली असायची.

तो आवाज एकदा, फक्त एकदा ऐकू येतो का, तेवढंच अंकिताला पाहायचं होतं. आणि आता वेदश्रीच्याच कॉलेजकडून बसायचं?

"जाय," तिचे सर म्हणाले. "रीत म्हणजे रीत."

कडेला सतरंजीवर वेदश्रीची आई, सरोजिनीबाई, एकट्याच बसल्या होत्या. त्यांनी खुशीसाठी हात पुढे केले. वेदश्री बसायची त्याच चौकोनात अंकिता जाऊन बसली.

सामना शेवटाला आला. पलीकडच्यांना जिंकायला आणखी एकच पळणारी बाद करायची होती. पौर्णिमा धापा टाकत पळणारीच्या मागे होती, अंकितापासून अजून लांब. समोर सरोजिनीबाईंच्या मांडीवर खुशी. तिची नजर पळणारीवर नव्हती. बसलेल्या पोरींच्या मधून, जिथं कुणीच नव्हतं तिथून, ती नजर नागमोडी सरकत होती. सरकत सरकत अंकिताच्या मागं येऊन थांबली. खुशी खुदकन हसली.

मानेवर गार झुळूक आली. "खो!"

तोच आवाज. अंकिताचे गुडघे आपसूक उचलले गेले. पण उठलं की फाऊल, पळणारी सुटणार, वेदश्रीचंच कॉलेज हरणार. बोटं मातीत रुतवून ती पुटपुटली, "थांब ना वेदे. आज मी तुह्याच बाजूनं खेळून राह्यली."

मागं काही हललं नाही. मग पौर्णिमाचा घामट पंजा पाठीवर आदळला, "खो!", आणि अंकिता सुटली. पळणारीचा खांदा हाताला लागला. शिट्टी वाजली.

पलीकडच्या पोरी नाचू लागल्या. अलीकडच्या ओरडल्या, "गद्दार! आता चहा तूच पाजजो!" अंकिता मात्र वळून चौकोनाकडे बघत राहिली. चुना आणि माती. एवढी वाट पाहिली, आणि आपणच तिला परत पाठवलं.

सरोजिनीबाईंनी खुशीला तिच्याकडे दिलं. त्यांचे हात गार पडले होते.

"मलेबी ऐकू आलं," त्या हळूच म्हणाल्या. "काऊन उठली नाई वं?"

"काकू, तुमचं कॉलेज हरलं असतं."

"हरू देयाचं होतं." त्यांनी पदरानं खुशीचं तोंड पुसलं, मग स्वतःचं. "पुढच्या साली आमच्याकडून खेळजो नको, बाई. तुह्याच कॉलेजकडून बसजो. म्हणजे पोरगी येईल तुले फसवाले."